कोयत्याने शिकवलेलं

एमएसडब्ल्यू झाल्यावर माझी पहिली नोकरी बीडच्या ऊसतोड मजुरांमध्ये होती. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल मात्र नवऱ्याच्या हातात. मार खाणाऱ्या एकीला मी म्हटलं, “सोड त्याला.” ती म्हणाली, “ताई, एकट्या बाईला टोळीत कोण घेतंय? अन् अंगावरची उचल कशी फिटंल?” मी गप्प झाले.

आज शहरातल्या सल्ला केंद्रात मी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला घरात राहण्याचा हक्क सांगते. पण आधी विचारते : घर कुठलं? मजुरी कुणाच्या हातात? कर्ज किती? ‘सगळ्या बायका सारख्याच’ म्हणताना आपण कुणाला वगळतो, हे प्रत्येक बैठकीत तपासायला हवं.