पोरकी मोटार



ज्या व्यासपीठावरून काल ज्ञानेश्वरी ऐकली, तेथून आज कार्ब्युरेटर ऐकावा लागणार, म्हणून काही मंडळी मनात हसली असतील. पण गेल्या वर्षभरात गावातले तिघे जण मला एकच प्रश्न विचारून गेले : "जुनी पद्मिनी स्वस्तात मिळते आहे, पण कंपनी तर राहिली नाही. घेऊ का?" साठवलेला पैसा घालायचा म्हणजे प्रश्न काही हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी निघू लागली, पुढे १९७४ साली तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, आणि २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात येणारी कोणतीही पद्मिनी वीस वर्षांच्या पुढचीच. मग आईबाप गेलेल्या या लेकराचे सुटे भाग इतकी वर्षे मिळत कसे राहिले? माझ्या मते त्याचे मोठे श्रेय मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला आहे. टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. त्याला क्लचप्लेट आजच्या आज हवी असते. हजारो माणसांच्या या रोजच्या निकडीवर लहान कारखानदार ब्रेकची रबरे, वॉटरपंप, सायलेन्सर घडवीत राहिले आणि दुकानदार ते फळीवर ठेवीत राहिले. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता गिऱ्हाईक उरले ते हौशी. हौशी माणूस क्लचप्लेट मागणार वर्षा-दोन वर्षांतून एकदा; तेवढ्यासाठी साचा कोण सांभाळील?

देवू या कोरियन कंपनीची गोष्ट याहून वेगळी. तिची सिएलो आपल्याकडे १९९५ साली आली, मॅटिझ १९९८ साली. मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत निघाली आणि उत्तर प्रदेशातील सूरजपूरचा कारखानाही पुढे बंद पडला. मॅटिझ पद्मिनीपेक्षा कितीतरी नव्या धर्तीची गाडी. पण तिच्यात पेट्रोल मोजून सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते. ती पेटी निकामी झाली तर गावच्या मिस्त्रीला हात टेकावे लागतात. पद्मिनीचा कार्ब्युरेटर उघडा, जेट फुंका, पुन्हा बसवा. डेल्कोतले पॉइंट रस्त्याच्या कडेला घासूनही गाडी घरी आणता येते. म्हणून त्या तिघांना मी उलट विचारले, की हे इंजिन हाताखालून गेलेला मिस्त्री गावात कोण आहे, त्याचे वय किती, आणि त्याच्याजवळ कोणी पोरगा शिकतो आहे काय? दोघांना उत्तर देता आले नाही.

गाडी पाहायला गेलेली माणसे बॉनेट उघडून इंजिन ऐकतात. जरूर ऐका. निळा धूर निघाला तर रिंगा गेल्या असे समजा. पण १०८९ सी.सी.चे ते इंजिन पुन्हा बांधता येते. खरे दुखणे पत्र्याचे. जीपला खाली वेगळी चासी असते. पद्मिनीला ती नाही. तिचा पत्रा हीच तिची हाडे. तेव्हा पायाखालचे रबर उचला, दारांखालच्या पट्ट्या अंगठ्याने दाबा. खिशात लोहचुंबक असू द्या. रंगाखाली जेथे जाड पुट्टी भरली असेल तेथे ते चिकटत नाही. एक बाजू जॅकवर घ्या आणि दार उघडून लावून पाहा. दार अडले तर मालकाचा चहा घ्या, नमस्कार करा आणि घरी या. गाडी कोकणातली असेल तर दुप्पट बारकाईने पाहा. तिथली हवा लोखंडाला मानवत नाही.

राहिले कागद. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. किंमत ठरवताना हे आकडे कागदावर मांडायला हवेत. फार थोडे लोक मांडतात.

माझ्या एका स्नेह्यांनी पस्तीस हजारांना पद्मिनी घेतली. पत्रा निरोगी, इंजिन गोड. पैसे दिल्यावर ध्यानात आले की पुस्तकावर विकणाऱ्याच्या आजोबांचे नाव आहे, आणि आजोबा वारून सहा वर्षे झाली आहेत. आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मगच विक्रीचे नमुने २९ आणि ३०. वारस तिघे, त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. गाडी अकरा महिने चिंचेखाली उभी राहिली. ब्रेक धरून बसले, टाकीतल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकटा झाला, उंदरांनी वायरिंग खाल्ले. आणि वहिनी रोज सकाळी खिडकीतून तिच्याकडे पाहत. बोलत काहीच नसत, ते अधिक अवघड.

अखेर गेल्या महिन्यात पुस्तक त्यांच्या नावावर झाले. आज ते त्याच गाडीतून येथे यायचे होते. वॉटरपंपाचे पार्सल मुंबईहून अजून पोहोचलेले नाही. ते सायकलने आले आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसले आहेत.