पोटात गोळा लागतोय?

"डॉक्टर, पोटात गोळा लागतोय," एवढं सांगून माणूस गप्प होतो. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, पण मनात तो कॅन्सरच असतो.

एका आजोबांच्या ओटीपोटात नारळाएवढा गोळा होता. लघवी दोन दिवस थेंबथेंब होत होती. नळी घातली, लिटरभर लघवी बाहेर आली आणि गोळा नाहीसा! प्रोस्टेट वाढल्यामुळे मूत्राशय तुंबलं होतं. घरच्यांनी मात्र बेंबी सरकली म्हणून दोन दिवस पोट चोळून घेतलं होतं. हे चोळणं तेवढं कृपा करून थांबवा.

गोळा कुठे आहे, श्वासाबरोबर हलतो का, हे आम्ही आधी हातानं बघतो. उजव्या बरगडीखाली यकृत, डावीकडे प्लीहा. वरचेवर हिवताप झाला की ती वाढते. बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाची गाठ असू शकते किंवा अंडाशयाची. मग सोनोग्राफी, गरज पडली तरच सीटी स्कॅन.

तपासणीसाठी गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती बहुतेक गाठींच्या बाबतीत खोटी आहे. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीला मात्र आम्हीच सहसा सुई लावत नाही.

प्रत्येक गोळा कापायचाही नसतो. अपेंडिक्सभोवती आतडी चिकटून गोळा झाला असेल, तर बऱ्याचदा आधी सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तो विरू देतो. घाईनं कापायला गेलं तर चांगलं आतडं फाटायची भीती. आतड्याचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गर्भाशयातली साधी फायब्रॉइडची गाठ त्रास देत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

आयांना एक मुद्दाम सांगतो. अंघोळ घालताना बाळाच्या पोटात एका बाजूला टणक गोळा लागला, तर तो पुन्हा पुन्हा दाबून शेजारणींना दाखवू नका. बाळ हसतंखेळतं असलं तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. तो मूत्रपिंडाचा कॅन्सर असू शकतो, पण वेळेत उपचार झाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात.

गोळ्याबरोबर ताप, उलट्या, पोट फुगणं असेल किंवा गोळा नाडीसारखा उडत असेल, तर रात्र काढू नका. एरवी सोनोग्राफीची वेळ घ्या, काय खायचं-प्यायचं ते तेव्हाच विचारून ठेवा आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या.