आधार कोठे आहे?



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. विकिपीडिया या सर्वांना खुल्या असलेल्या ज्ञानकोशात फावल्या वेळी चार ओळी लिहाव्यात आणि इतरांच्या चार ओळी तपासाव्यात, एवढाच आमचा उद्योग. आज आमच्याच एका चुकीपासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाविषयी लेख लिहिला. गावची बारव शिवकाळात बांधली गेली, असे एक वाक्य त्यात होते. आधार दिलेला नव्हता. आम्ही ते वाक्य काढून टाकले आणि कारण म्हणून दोनच शब्द लिहिले : 'संदर्भ नाही.' दुसऱ्या दिवशी गुरुजींचे उत्तर आले, "इतकी वर्षे मुलांना शिकवले, मी खोटे बोलतो असे आजवर कोणी म्हटले नव्हते."

नियमाने आम्ही बरोबर होतो. रीतीने चुकलो होतो. आधार मागणे म्हणजे लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटले, आणि तसे वाटावे अशीच आमची भाषा होती.

वास्तविक या नियमाचा हेतू निराळा आहे. केतकरांच्या ज्ञानकोशामागे केतकर उभे होते; वाईच्या विश्वकोशामागे तर्कतीर्थ आणि त्यांचे संपादक मंडळ उभे होते. विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत व २००३ साली मराठीत सुरू झाला, तो असा कोणी पाठीशी नसताना. येथे कोणीही लिहितो. वाचक त्याला ओळखत नाही. मग वाचकाने भरवसा ठेवावा कशावर? वाक्यापाशी दिलेल्या ग्रंथावर आणि पृष्ठांकावर. विधान खरे असणे पुरत नाही. परक्या माणसाला ते पडताळून पाहता आले पाहिजे.

ही दक्षता सुटली की काय होते पाहा. अमेरिका खंडात कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी आहे. २००८ साली एका विद्यार्थ्याने गमतीने इंग्रजी विकिपीडियात त्याला 'ब्राझीलचा आर्डवार्क' असे आपल्या मनचे नाव दिले. कोणी हटकले नाही. पुढे ते नाव वृत्तपत्रांत छापून आले, आणि तीच छापील नावे ज्ञानकोशात आधार म्हणून दाखवली गेली! विहिरीतलेच पाणी पुन्हा विहिरीत ओतावे आणि झरा लागला म्हणावे, तसा हा प्रकार.

आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून अस्सल कागदाचे महत्त्व महाराष्ट्र जाणतो. मात्र एक भेद नव्या लेखकाला समजावून द्यावा लागतो. माळ्यावर मोडी कागद सापडला, तर त्यावरून नवा सिद्धांत मांडण्याची जागा संशोधकांची सभा ही होय. जाणकारांनी तो पारखला, तो छापून प्रसिद्ध झाला, म्हणजे मग त्याने ज्ञानकोशात यावे.

आम्ही गुरुजींकडे गेलो, क्षमा मागितली आणि त्यांच्याबरोबर तालुक्याच्या ग्रंथालयात बसलो. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये बारवेचा उल्लेख सापडला. काळ मात्र दिलेला नव्हता. 'गावात जुनी दगडी बारव आहे,' एवढेच वाक्य ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ देऊन लिहिले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आमचे आजोबा सांगत ते खोटे?" आम्ही म्हटले, "नाही, गुरुजी. त्याला अजून छापील आधार नाही, इतकेच. एखाद्या अभ्यासकाला बारव दाखवा. त्याने लिहिले की आपण ते वाक्य परत आणू."

तेव्हापासून आम्ही एक रीत पाळतो. निरुपद्रवी वाक्य लगेच खोडत नाही. त्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करतो. मग लेखकाचे आभार मानून विचारतो, "हे आपण कोठे वाचलेत?" पहिला संदर्भ त्याच्याबरोबर शोधतो, तो कसा लिहावा हे दाखवतो, दुसरा त्याचा तोच देतो. अपवाद एकच : हयात व्यक्तीची निराधार निंदा असेल, तर ती तत्काळ काढतो, पण का काढली हे नीट सांगतो.

गुरुजी परत आले. ते दोन शब्द वाचून जे मुकाट्याने निघून गेले, त्यांची गणती आम्ही कधी ठेवली नाही. त्यांच्यापाशी कोणते गाव, कोणती कला, कोणते पीक होते, हे आता आम्हांला कळणार नाही. मराठीत लिहिणारे आधीच थोडे. हे नुकसान आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. आपल्या कपाटात एखादा जुना गॅझेटियर, संस्थेचा शतकोत्सवी ग्रंथ, स्थानिक इतिहासाचे पुस्तक असेल, तर ते घेऊन या. एक वाक्य लिहा आणि पृष्ठांक द्या. शेजारी बसायला आम्ही तयार आहोत.