पस्तीस हजारांची बॅट: मामांना मी काय सांगितलं

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे. मायक्रोफोनसमोर बसलोय, बाजूला एक तडकलेली बॅट ठेवलीय. ती का, ते सांगतोच.

गेल्या महिन्यात कराडहून मामांचा फोन आला. मामांची पिठाची गिरणी आहे आणि त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, अकरावीला आहे. सीझन बॉलवर खेळतो, चांगला खेळतो. जिल्ह्याच्या निवड चाचण्या जवळ आल्यात. मामा म्हणाले, "अरे, ह्याला पस्तीस हजारांची बॅट पाहिजे. दोन दिवस झाले, नीट जेवत नाही. तू इंजिनियर, वर स्वतः खेळतोस. मला खरं सांग, खरंच तसलं काय असतंय त्यात, का नुसते स्टिकरचे पैसे?"

मी म्हणालो, "मामा, मला दोन दिवस द्या."

लगेच उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही. कारण तीन वर्षांपूर्वी, पहिलं प्रमोशन झाल्यावर, मी स्वतः २८ हजारांची बॅट घेतली होती. कशासाठी? तर ऑफिसच्या रविवारच्या लीगसाठी! पाचव्या नंबरवर येणारा मी. दुकानदारानं लाकडी हातोडा बॅटवर हलकेच मारला, 'टॉक' असा गोड आवाज आला आणि माझं डोकं तिथेच बंद पडलं. आधी माझं अ‍ॅव्हरेज १९ होतं, त्या सीझनला २१ झालं. दोन रन वाढले. चौथ्या मॅचला यॉर्कर खाली लागला आणि बॅटचा टो तडकला. दोष बॅटचा नाही, माझाच. तो कसा, ते पुढे येईलच.

तर मामांसाठी आधी मूळ प्रश्न घेऊ. बॅटची किंमत नक्की कशावर ठरते?

पहिली गोष्ट, लाकूड. आपल्याकडे दोन प्रकार चालतात, काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो. काश्मीर विलोची बॅट साधारण दीड हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत मिळते. अनंतनाग जिल्ह्यात, श्रीनगर-जम्मू हायवेवर संगम आणि हलमुल्ला भागातून गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटचे कारखाने आणि वाळत घातलेल्या लाकडाच्या थप्प्या दिसतात. हे लाकूड जास्त घट्ट, जड आणि मार खाणारं असतं. इंग्लिश विलो हलका आणि मऊ. त्याचं झाड इंग्लंडच्या एसेक्स, सफोक अशा भागात लावतात आणि ते तोडायला तयार व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे आज दुकानात दिसणाऱ्या बॅटचं झाड लावलं तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेतही जात नव्हते. तिथून लाकडाचे ओबडधोबड तुकडे, ज्यांना क्लेफ्ट म्हणतात, ते मेरठ आणि जालंधरला येतात आणि तिथे त्यांच्या बॅटा बनतात. इंग्लिश विलोची किंमत सात-आठ हजारांपासून सुरू होते आणि लाखापर्यंतही जाते.

आता खरी गंमत इथे आहे. आठ हजारांची आणि पन्नास हजारांची, दोन्ही इंग्लिश विलोच. मग फरक कसला? ग्रेडचा.

आणि ग्रेड कशी ठरते? मला वाटायचं एखादं मशीन असेल, बॉल आदळत असेल, स्क्रीनवर रीडिंग येत असेल. तसं काही नाही. ग्रेड मुख्यतः डोळ्यांनी ठरवतात. ग्रेन्स सरळ आहेत का, सारख्या अंतरावर आहेत का, किती आहेत, लाकूड पांढरं आहे का, कुठे डाग, गाठ किंवा लालसर पट्टा आहे का, हे बघतात. सरळ ग्रेन्स, स्वच्छ पांढरं लाकूड म्हणजे ग्रेड वन. डाग आला की ग्रेड खाली आणि किंमतही खाली.

ग्रेन म्हणजे झाडाच्या वाढीची रेघ, एक रेघ म्हणजे एक वर्ष. जास्त ग्रेन्सची बॅट लवकर 'खुलते', म्हणजे तिला स्ट्रोक लवकर येतो, पण ती लवकर म्हातारीही होऊ शकते. कमी ग्रेन्सची बॅट खुलायला वेळ लावते, पण टिकते. बॅट बनवणारे लोक हे उघड सांगतात. आणि फुलपाखरासारखा जो डाग असतो, बटरफ्लाय स्टेन, त्यानं बॅट कमजोर होत नाही. फक्त दिसायला देखणी नसते, म्हणून स्वस्त.

थोडक्यात, त्या पस्तीस हजारांतला मोठा भाग दिसण्याचा आणि दुर्मिळपणाचा असतो. बायोडेटाचा फॉन्ट बघून इंटरव्ह्यूला बोलावण्यासारखं आहे हे. व्यवस्थित फॉन्टवाला माणूस व्यवस्थित निघण्याची शक्यता थोडी जास्त असेलही, पण त्याला कोड लिहिता येतं की नाही, हे फॉन्ट सांगत नाही.

मग स्ट्रोक कुठून येतो? मोठा वाटा प्रेसिंगचा. क्लेफ्ट मशीनच्या रोलरखाली दाबतात, म्हणजे वरचा थर घट्ट होतो. जास्त दाबली तर बॅट टिकते, पण मार बसत नाही. कमी दाबली तर बॉल सुंदर सुटतो, पण बॅट लवकर फुटते. हे प्रेसिंग स्टिकरवर लिहिलेलं नसतं. ते त्या कारागिराच्या हातात असतं. म्हणून बारा हजारांची एखादी बॅट तीस हजारांच्या बॅटला भारी पडते, आणि एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन बॅटा वेगळ्या लागतात. शेवटी लाकूड आहे ते, फॅक्टरीत छापलेली चिप नाही.

दुसरी गोष्ट, नियम. माझ्या इंजिनियर डोक्याला हा भाग सगळ्यात आवडला. क्रिकेटच्या नियमांनी बॅटचं स्पेसिफिकेशन बांधून टाकलंय. रुंदी जास्तीत जास्त १०८ मिलिमीटर. २०१७च्या ऑक्टोबरपासून जाडी ६७ मिलिमीटरच्या वर नाही आणि कड ४० मिलिमीटरच्या वर नाही. आणि पातं लाकडाचंच हवं. १९७९मध्ये डेनिस लिली पर्थच्या टेस्टमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता, मोठा वाद झाला आणि मग नियमात लाकूडच हवं असं आलं. २०२१मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी बांबूची बॅट करून दाखवली, तिचा स्वीट स्पॉटही चांगला निघाला. पण एमसीसीनं सांगितलं, सध्याच्या नियमात बसत नाही.

म्हणजे काय? मोबाईलमध्ये जास्त पैसे टाकले की नवा प्रोसेसर मिळतो. बॅटमध्ये लाखभर टाकले तरी तेच लाकूड, तीच रुंदी, तीच जाडीची मर्यादा. कंपनीला पळायला जागाच फार थोडी आहे.

तिसरी गोष्ट, आपण स्वतः. बॉल आणि बॅटचा संपर्क जेमतेम एखाद्या मिलिसेकंदाचा. त्यानंतर बॉल किती वेगात जाणार, हे बॅटचा वेग, येणाऱ्या बॉलचा वेग आणि बॉल बॅटवर कुठे लागला, यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. स्वीट स्पॉटपासून थोडं खाली किंवा कडेला लागला की ग्रेड वनचीही हवा निघते. आणि माझ्यासारख्याचा तर बहुतेक बॉल कडेलाच लागतो!

हे तपासायला मी एक उद्योग केला. रविवारी नेटला तीन बॅटा नेल्या. एक टीममेटची ३० हजारांची, एक ११ हजारांची, दोन्ही इंग्लिश विलो, दोन्ही चांगल्या वापरलेल्या. आणि एक काश्मीर विलो. तिन्हींचे स्टिकर पांढऱ्या टेपनं झाकले, पुढून-मागून पूर्ण. सहा जणांना प्रत्येकी दोन-दोन ओव्हर खेळायला लावल्या आणि विचारलं, सगळ्यात महाग कुठली?

काश्मीर विलो सहाही जणांनी ओळखली. जड होती, हाताला झिणझिण्या येत होत्या. पण उरलेल्या दोन? तिघं म्हणाले ही, तिघं म्हणाले ती. आणि ज्याची बॅट होती, तोच चुकला! दोन मिनिटं गप्प बसला बिचारा. आता हे काही शास्त्रीय संशोधन नाही, सहा मित्र आणि एक टेपचं रीळ. पण मला माझं उत्तर दिसायला लागलं. काश्मीरवरून साध्या इंग्लिश विलोवर आलात तर फरक हाताला कळतो. तिथून पुढे पैसे तिप्पट होतात, फरक तिप्पट होत नाही.

मग महागडी बॅट कुणी घ्यावीच नाही का? तसंही नाही. जो रोज १३०-१४०च्या बॉलिंगसमोर उभा राहतो, ज्याचा बॉल दहातल्या आठ वेळा बॅटच्या मधोमध लागतो, त्याला तो शेवटचा थोडासा फरक लागतो. सिक्स आणि लॉन्गऑनचा कॅच यात तेवढंच अंतर असतं. पण त्याला एका बॅटवर सीझन काढायचा नसतो. मोठ्या आकाराची तरी हलकी बॅट हवी, तर लाकूड जास्त वाळवावं लागतं, आणि जास्त वाळलेली बॅट लवकर जाते. त्याच्या किटमध्ये पाच-सहा बॅटा असतात. माझ्या मामेभावाकडे एकच असणार, आणि ती फुटली तर मामांच्या गिरणीचे महिन्याभराचे पैसे फुटणार.

आणि टेनिस बॉल खेळणाऱ्या मंडळींनो, तुमच्यासाठी तर उत्तर सोपं आहे. टेनिस बॉल स्वतःच दाबला जातो, त्यासाठी इंग्लिश विलोचा मऊपणा लागतच नाही. चांगली काश्मीर विलो घ्या, उरलेल्या पैशांत अख्ख्या टीमला मिसळ द्या.

आता माझ्या तडकलेल्या बॅटची गोष्ट. इंग्लिश विलो नवी घेतली की लगेच मॅचला न्यायची नसते. आधी कच्च्या जवसाच्या तेलाचा हलका हात द्यायचा, मग लाकडी हातोड्यानं चार ते सहा तास नॉकिंग. एकदम नाही, रोज थोडं थोडं. कडा आणि टोजवळ जास्त काळजीनं. नंतर जुन्या बॉलवर हलके कॅच, मग नेट, मग मॅच. मी काय केलं? फ्लॅटच्या बाल्कनीत अर्धा तास ठोकलं, खालच्या काकू वर आल्या, मी थांबलो. बास, झालं नॉकिंग. टो गार्डही लावला नाही, आणि ओलसर पिचवर बॅट टेकवून उभा राहिलो. टोमधून ओल शिरते आणि लाकूड फुगतं. २८ हजार खर्च केले, पण दीड-दोनशेचा टो गार्ड आणि पाच तासांची मेहनत नाही केली. महाग वस्तू घेतली की आपल्याला वाटतं, आपलं काम संपलं. खरं तर तिथे सुरू होतं.

दोन दिवसांनी मामांना फोन केला. म्हणालो, "मामा, नुसते स्टिकरचे पैसे नाहीत, पण पस्तीस हजारांचंही काही नाही. दहा-बारा हजारांची इंग्लिश विलो घ्या. डाग असला तरी चालेल. पण ह्याला दुकानात घेऊन जा, ह्याच्या हाताला हलकी वाटते का बघा, स्टान्स घेऊन बघू दे. वजन आणि उंची जुळणं ग्रेडपेक्षा महत्त्वाचं. नॉकिंग त्यानंच करायचं, गिरणीत बसून. तिथे आवाजाचं कुणाला काही वाटणार नाही! आणि चांगल्या जाळीचं हेल्मेट घ्या, नीट बसणारं. तिथे कंजुषी नको. उरलेले पैसे नेटला, बॉलला आणि मॅचच्या प्रवासाला ठेवा."

मामा हसले. मग भावाला फोन दिला. तो चिडलेला होता. म्हणाला, "दादा, तू स्वतः २८ हजारांची घेतलीस ना? मला कशाला अक्कल शिकवतोस?"

बरोबर होतं त्याचं. मी म्हणालो, "घेतली. म्हणूनच सांगतोय." पण त्यावर तो जे बोलला, ते माझ्या डोक्यात राहिलंय. म्हणाला, "दादा, तिथं सगळ्यांच्या किट बॅगा उघड्या पडलेल्या असतात. सिलेक्टर बघायच्या आधी पोरं बघतात. बॅट साधी असली की मी आत जायच्या आधीच निम्मा आउट असतो."

याचं उत्तर कुठल्याच लाकडात नाही, मंडळी. अठरा महिन्यांच्या ईएमआयवर फोन घेणाऱ्या आपल्या पिढीनं त्याला हसू नये. मलाही ती २८ हजारांची बॅट रन्ससाठी नको होती, टीमनं वळून बघावं म्हणून हवी होती. मी त्याला एवढंच म्हणालो, "स्टिकर मी पाठवतो. बॅट तू बनव."

त्यानं बारा हजारांची घेतली. बटरफ्लायचा डाग आहे तिच्यावर. रोज संध्याकाळी गिरणीत ठोकत बसतो, मामी म्हणतात डोकं उठवलंय. स्टिकर पाठवायला मी त्याचा पत्ता विचारला, तर म्हणाला, "राहू दे दादा, डागच बरा दिसतोय." चाचणी अजून व्हायचीय. निवड होईल की नाही, माहीत नाही. पण झाली नाही तर दोष बॅटला देता येणार नाही, आणि झाली तर श्रेयही.

तुमची पहिली बॅट कुठली होती, कितीला घेतली आणि तिचं पुढे काय झालं, मला जरूर कळवा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ईएमआयवर बॅट घ्यायच्या बेतात असेल, तर पेमेंटच्या आधी त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, बॉल बघून खेळा!