घाम गाळणाऱ्याचा चेहरा



कामगार संघटनेच्या माणसाने व्हिडिओ गेमवर व्याख्यान द्यावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. माझा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर गेला. पडद्यावरचा खेळ मी पाहिला तो घरातल्या पोरांच्या हातात. परंतु आजचा प्रश्न खेळाचा नाही, तो मजुरीचा आहे. आणि मजुरीविषयी बोलण्याचा अधिकार मी कोणाकडून मागून घेत नाही.

अमेरिकेत एड ओबॅनन नावाचा बास्केटबॉलपटू होता. १९९५ साली त्याच्या विद्यापीठाने देशाचे अजिंक्यपद मिळवले. पुढे खेळ सुटला आणि तो मोटारी विकण्याच्या धंद्यात पडला. एके दिवशी एका मित्राच्या घरी पडद्यावर त्याला एक खेळाडू दिसला. तोच ३१ नंबर, तोच डावरा हात, तेच टक्कल. नाव तेवढे नव्हते. पेटी विकत घेणाऱ्याने पैसे मोजले होते, बनवणाऱ्या कंपनीने नफा कमावला होता. ज्याचा देह त्यात राबत होता त्याला कोणी विचारलेही नव्हते. २००९ साली त्याने दावा लावला. ती कंपनी व तिच्या जोडीची परवाने विकणारी कंपनी यांना चार कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम काही वर्षे बंदच राहिला. २०२४ साली तो पुन्हा निघाला तेव्हा त्यात येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर देऊ केले गेले. रक्कम लहान आहे, परंतु तत्त्व मान्य झाले.

आता कोणी म्हणेल, तो तिकडच्या श्रीमंतांचा तंटा. आपल्या सातारा-सांगलीला त्याचे काय? त्यांना मी एक साधी गोष्ट सांगतो. आमच्या एका सभासदाचा फोटो एका कारखान्याने आपल्या कॅलेंडरवर छापला होता. बॉयलरपुढे उभा असलेला, घामाने चमकणारा माणूस. तो निवृत्त झाला, ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालू लागला. ज्या कचेरीत त्याला 'उद्या या' म्हणून सांगत, त्याच कचेरीच्या भिंतीवर तो स्वतः टांगलेला होता! माणूस नको, पण त्याचे चित्र हवे. हा न्याय खेळाडूला लागतो तसाच कामगाराला लागतो.

मात्र दोष नेहमी मालकाचाच असतो असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची युनियन बलाढ्य आहे. निवृत्त खेळाडूंनी आपल्या प्रतिमेचे हक्क तिच्या हाती विश्वासाने दिले होते. गेममध्ये जुने नामांकित संघ आले; उंची, वजन, जागा सारे जुळत होते, फक्त नाव नव्हते आणि पाठीवरचा नंबर बदललेला होता. हर्ब ॲडर्ली या जुन्या नामवंत खेळाडूच्या नावाने दोन हजारांहून अधिक निवृत्तांनी दावा केला, तो कंपनीवर नव्हे, स्वतःच्या युनियनवर! २००८ साली ज्यूरीने युनियनविरुद्ध दोन कोटी एक्क्याऐंशी लाख डॉलरचा निकाल दिला. पुढच्या वर्षी त्यात तडजोड झाली. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. वर्गणी बंद झाली की आपणही सभासदाला विसरतो की नाही? निवृत्ताला मत नसते, म्हणून त्याची बाजू वाटाघाटीच्या टेबलावर सर्वांत आधी सोडली जाते. हा आरसा मी प्रथम स्वतःपुढे धरतो.

आता घरी येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते जावेत म्हणून लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधराएक वर्षांनी. २०२३ च्या १५ जानेवारीला, त्यांच्या जयंतीदिवशी, गूगलने त्यांचे चित्र आपल्या पानावर झळकवले. तो गौरव होता आणि आपण सर्वांनी तो अभिमानाने पाहिला. परंतु उद्या एखाद्या कंपनीने कुस्तीचा गेम काढला, त्यात बुटका, चपळ, खाशाबांच्या ढंगाने डाव टाकणारा पैलवान घातला, आणि त्याच्यावर पैसे कमावले, तर? कवठेपिरानच्या मारुती मान्यांना घातले, ज्यांनी १९६२ साली जाकार्ताला सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके मिळवली, तर?

कायदा काय म्हणतो ते पाहा. आपल्याकडे चेहऱ्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये खाजगीपणाच्या हक्कातून आणि व्यापारी चिन्हांच्या नियमांतून वाट काढतात. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे क्रिकेटपटूंच्या चित्रांच्या व्यवहाराचे प्रकरण आले. तेव्हा न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटले की जगजाहीर असलेली नावे आणि आकडे यांवर कोणाचा मक्ता नाही. त्याच वर्षी एका दिवंगत नटाच्या बाबतीत त्याच न्यायालयाने सांगितले की असे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत.

दुसरीकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा घ्या. खाशाबांवर पुस्तक लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. सादरीकरण करणाऱ्यांच्या व्याख्येत नट, गायक, डोंबारी, जादूगार, इतकेच काय साप खेळवणारा गारुडीसुद्धा नावानिशी आहे. व्याख्यान देणाराही आहे, म्हणजे मी आहे! पैलवान मात्र नावाने नाही. 'इतर कोणीही सादर करणारा' या शब्दांत तो बसतो की नाही, हे वकिलांनी ठरवावे. आणि बसला तरी तो हक्क सादरीकरणाचा, चेहऱ्याचा नव्हे.

यावर एक आक्षेप रास्त आहे, तो मी टाळणार नाही. खाशाबांचे चित्र तालमीच्या भिंतीवर लावायला, वर्तमानपत्रात छापायला, पोवाडा रचायला परवाना लागू लागला, तर तो अनर्थ होईल. मोठा माणूस गावाचा असतो. ज्यांनी वर्गणी दिली, बैलगाड्या जुंपल्या, त्यांचाही त्याच्या नावावर हक्क आहे. म्हणून माझी रेघ अगदी सरळ आहे. आठवण मोकळी असावी. विक्री मोकळी नसावी. तुम्ही त्याची कथा सांगा, त्याच्यावर टीका करा, पाहिजे तर त्याची थट्टा करा. परंतु त्याचा देह बाहुलीसारखा बनवून त्याला रोज राबवणार असाल, तर ती मजुरी आहे, आणि मजुरी द्यावी लागते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आपल्या तालमींतून, मैदानांवरून जी मुले-मुली वर जात आहेत, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा. 'जगभर, कायमचे, सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले की थांबावे. मुदत लिहून घ्यावी आणि निवृत्तीनंतरचा वाटाही लिहून घ्यावा. दुसरी गोष्ट, एकट्याने भांडू नये. सुनील गावसकर दिल्लीच्या उच्च न्यायालयात जाऊ शकतात. खेड्यातला पैलवान जाऊ शकत नाही. निवृत्त क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली उभी राहिली. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांच्या जुन्या खेळाडूंनीही एकत्र यावे, आणि त्या संघटनेत निवृत्ताला मत असावे. तिसरी गोष्ट, वारसांना काही ठराविक वर्षे हा हक्क देणारा आणि गावाची आठवण मोकळी ठेवणारा कायदा व्हावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपुढे ठेवावी.

बंधुभगिनींनो, आखाड्यात पैलवान चीत झाला की डाव संपतो, हात मिळवून दोघे बाहेर येतात. पडद्यावरच्या आखाड्यात तो कधीच बाहेर येत नाही. म्हातारपणी गुडघे दुखतात, पण तिकडे त्याची पंचविशी चालूच असते आणि गल्ला दुसऱ्याच्या पेटीत पडत असतो. ज्या गुडघ्यांनी ती पंचविशी कमावली, त्यांच्या औषधपाण्याला त्या गल्ल्यातले चार पैसे यावेत, एवढीच मागणी आहे. ती भिकेची नाही, थकबाकीची आहे.