हादरा भिंतीला, कारण रस्त्यावर



दिवाळी उलटते, उसाला कोयता लागतो आणि भवानीनगर, बिजवडी, माळेगाव येथील कारखान्यांकडे जाणारे रस्ते रात्रंदिवस जागे राहू लागतात. वरकुट्यासारख्या गावात ज्याचे घर रस्त्याला लागून आहे, त्याच्या फळीवरची भांडी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला की वाजतात. पुणे-सोलापूर महामार्गाकाठच्या घरांना तर हंगामाचीही वाट पाहावी लागत नाही. भेग दाखवायला गेलेल्या घरमालकाला मात्र त्याच्याच घराचा पाया कच्चा असल्याचे ऐकवले जाते.

या उत्तरात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरप्या भेगा पाडते. त्यासाठी वाहतूक लागत नाही. शिवाय माणसाचे अंग कंपनाबाबत फार हळवे असते. जमीन सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाने हलली तरी ते कळते. उलट, नाजूक जुन्या वास्तूंसाठी जर्मन मानकाने घातलेली मर्यादाही सुमारे ३ मिलिमीटर आहे. भांडी वाजली म्हणजे घर पडणार, असे सभेत सांगू नये. पहिलाच अभियंता ते खोडून काढील.

उरलेले सत्य रस्त्यावर आहे. सपाट रस्त्यावरून जाणारे जड वाहनही फारसे कंपन निर्माण करीत नाही. चाक खड्ड्यात आपटते किंवा गतिरोधकावरून धाडकन उतरते, तेव्हा तो घाव लाटांच्या रूपाने जमिनीतून पसरतो. मऊ जमिनीत तो अधिक जाणवतो. लाटांची लय घराच्या मजल्याच्या लयीशी जुळली, तर मजला खालच्या जमिनीपेक्षाही अधिक हलतो. काळ्या मातीने आधीच सैल केलेली, मातीच्या गाऱ्यातील दगडी भिंत हे हंगामामागून हंगाम सोसत राहते.

मग खड्डा कोण पाडतो? अमेरिकेत इलिनॉय येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. वाहतुकीचे दाम टनावर मिळतात, तेव्हा वाहन अधिक भरले जाणारच. एकट्या चालकाला गुन्हेगार ठरवणे सोयीचे आहे, न्याय्य नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मालवाहनाच्या चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली आणि २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला. या साऱ्या हिशेबात रस्त्याकाठचा घरमालक कोठेच नाही.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत केवळ भरपाई मागू नये. वस्तीलगतचे खड्डे हंगामापूर्वी बुजवावेत, गतिरोधक जुन्या घरांपासून दूर न्यावेत, ही मागणी आधी हवी. जादा भाराचा पुरावा शोधत हिंडण्याचेही कारण नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर तो रोज लिहिला जातो. तो ग्रामसभेपुढे ठेवण्याचा आग्रह धरावा. आणि प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी उसाच्या वाहतुकीत तडकते की वाहतूक थांबल्यावरच्या कडक उन्हाळ्यात, याची नोंद घरोघरी ठेवली, तर पायाचा दोष किती आणि रस्त्याचा किती, हे अभियंत्याशी समोरासमोर बसून बोलता येईल.