मोटार विम्याचा दावा : चूक, असत्य आणि साक्षीदाराची सही

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा होऊन राज्यातील ३६वा जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आणि मधून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग, अशी या जिल्ह्याची रचना आहे. महामार्गावरील चिल्हार फाट्यापासून बोईसरकडे येणाऱ्या रस्त्याने तारापूर औद्योगिक वसाहतीचा कच्चा माल येतो आणि पक्का माल बाहेर पडतो. कारखान्यांची पाळी सुटली की त्याच रस्त्यांवर टँकर, ट्रक, रिक्षा, दुचाकी आणि पायी चालणारे कामगार यांची एकच गर्दी होते. जेथे वाहतूक तेथे अपघात आणि जेथे अपघात तेथे विम्याचा दावा, हा क्रम आता गावोगावी परिचित झाला आहे. म्हणूनच हा दावा खरा केव्हा ठरतो, चुकीचा केव्हा होतो आणि खोटा कसा बनतो, हे गावातील जबाबदार व्यक्तींनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटार विम्याचे दोन मुख्य भाग आहेत. आपल्या वाहनामुळे दुसऱ्यास इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करणारा तो तृतीय पक्ष विमा. हा विमा ऐच्छिक नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील यासंबंधीच्या तरतुदी १ जुलै १९४६ पासून अमलात आल्या आणि १९८८ च्या कायद्याने त्या पुढे चालविल्या. दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. तो घेणे अगर न घेणे मालकाच्या इच्छेवर असते. दोन्हींचा पाया मात्र एकच आहे. हजारो वाहनधारक थोडा थोडा हप्ता भरतात आणि ज्याच्यावर आपत्ती येते त्यास त्या सामायिक निधीतून मदत मिळते. गावच्या धान्यकोठीतून कोणी खोटे सांगून पायली उचलली, तर तूट मालकाच्या नव्हे, साऱ्या गावाच्या वाट्याला येते. विम्याचेही तसेच आहे.

प्रथम चुकीच्या दाव्याचा विचार करू. वाहनाचा क्रमांक हे चुकीचे एक नेहमीचे मूळ होय. या जिल्ह्यात ठाणे कार्यालयाची ‘एम.एच. ०४’ आणि वसई कार्यालयाची ‘एम.एच. ४८’ अशा दोन्ही मालिकांची वाहने धावतात. अंधारात, पावसात, घाबरलेल्या साक्षीदाराने एक आकडा चुकीचा सांगितला की भलत्याच मालकाकडे नोटीस जाते. दुसरी चूक जुनी गाडी विकत घेताना होते. गाडी विकली गेली तरी तृतीय पक्ष विमा कायद्यानेच नव्या मालकाच्या नावे गेला असे मानले जाते. परंतु स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही. त्यासाठी कंपनीस १४ दिवसांच्या आत कळवून विमापत्रावर नाव बदलून घ्यावे लागते. तिसरी चूक ‘नो क्लेम बोनस’ची. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सवलत पहिल्या वर्षी २० टक्के असते व ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. ती वाहनाची नसून मालकाची असते. जुन्या मालकाची सवलत नव्याने आपली म्हणून सांगितली, अगर मागील वर्षी दावा केलेला असताना तो लपविला, तर पुढे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो.

अशा चुकांना एकच उपाय आहे : चूक ध्यानात येताच ती लेखी कळविणे. क्रमांक चुकला असेल तर फिर्यादीने पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब द्यावा. विमापत्रातील माहिती चुकली असेल तर मालकाने कंपनीस पत्र देऊन पोच घ्यावी व फरकाचा हप्ता भरावा. वेळीच दुरुस्त केलेल्या चुकीला कोणी लबाडी म्हणत नाही. तीच चूक झाकण्यासाठी दुसरा कागद रचला गेला, म्हणजे मात्र चुकीचे असत्य होते.

असत्य दाव्यांचे प्रकार पुष्कळ असले, तरी गावपातळीवर तीन विशेष आढळतात. पहिला प्रकार चालक बदलण्याचा. गाडी परवाना नसलेला मुलगा चालवीत असतो आणि कागदावर परवानाधारक काकाचे नाव येते. दुसरा प्रकार वापर लपविण्याचा. खासगी म्हणून नोंदलेल्या मोटारीतून भाडे घेऊन कामगारांची ने-आण होते आणि अपघातानंतर ‘सारे नातेवाईक होते’ असे सांगितले जाते. तिसरा व सर्वांत गंभीर प्रकार वाहन उभे करण्याचा. धडक देणारे वाहन पळून गेलेले असते, म्हणून विमा असलेले दुसरेच एखादे वाहन त्या जागी दाखविले जाते.

या तिसऱ्या प्रकारामागील कारण समजण्यासारखे आहे. अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू झाल्यास कायद्याने मिळणारी रक्कम पूर्वी २५,००० रुपये आणि गंभीर दुखापतीस १२,५०० रुपये एवढीच होती. कर्ता पुरुष गमावलेल्या घरास ती अपुरी वाटे आणि कोणी तरी आडमार्ग सुचवी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मात्र मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्जाची चौकशी उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्या पातळीवर होते. ही माहिती कुटुंबास पहिल्याच आठवड्यात देणारा ग्रामपंचायत सदस्य त्या घराला आडमार्गापासून वाचवितो.

खोट्या दाव्याचा शेवट कसा होतो, याची उदाहरणे न्यायालयांच्या इतिहासात आहेत. मार्च २००० मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध राजेंद्रसिंग या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, फसवणूक करून मिळविलेला भरपाईचा निवाडा न्यायाधिकरणास पुन्हा तपासता येतो. म्हणजे निकाल लागला, रक्कम मंजूर झाली, तरी असत्य सुरक्षित होत नाही. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांची संख्या एवढी वाढली की अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्या पथकाकडे आलेल्या संशयास्पद दाव्यांची संख्या १,३७६ होती. आरोपींमध्ये केवळ अर्जदार नव्हते. वकील, पोलीस, डॉक्टर, वाहनमालक, चालक आणि विमा कंपन्यांचे कर्मचारीही होते. एकट्याने खोटा दावा उभा राहत नाही. त्यास अनेकांच्या सह्या लागतात.

आता प्रश्न असा की, आपल्यावरच चुकीचा वा खोटा दावा आला तर सामान्य माणसाने काय करावे? पहिली गोष्ट, नोटीस बाजूस ठेवू नये. अर्जदारास अपघाताच्या ठिकाणच्या, स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादीच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा करण्याची मुभा आहे. त्यामुळे बोईसरच्या टेम्पोमालकास दूरच्या राज्यातील न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते. ‘आपली गाडी तेथे नव्हतीच’ असे म्हणून गप्प बसल्यास एकतर्फी निवाडा होतो. दुसरी गोष्ट, नोटिशीची प्रत लगेच विमा कंपनीस लेखी द्यावी. मालक हजर राहिला नाही वा अर्जदाराशी संगनमत झाले, तर कायद्याच्या १७०व्या कलमानुसार न्यायाधिकरण कंपनीस सर्व मुद्द्यांवर दावा लढविण्याची परवानगी देऊ शकते. तिसरी गोष्ट, पुरावा त्वरित गोळा करावा. कारखान्याच्या दरवाजावरील आवक-जावक नोंदवही, चारोटी किंवा खानिवडे टोलनाक्यावरील फास्टॅगची नोंद, गॅरेजचे बिल, हजेरीपत्रक यांवरून त्या दिवशी वाहन कोठे होते हे दाखविता येते. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून त्यासाठी त्याच आठवड्यात लेखी मागणी करावी. वाहनावर धडकेची खूण नसेल, तर तपासणी अहवालात तशी नोंद होईल असे पाहावे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खोट्या दाव्यांच्या भीतीने खऱ्या दावेदारास संशयिताची वागणूक मिळता कामा नये. कंपनीने दावा नाकारला, तर कारणे लेखी मागावीत. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला, तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. वाहनचोरीची फिर्याद पोलिसांत तत्काळ दिलेली असेल, तर केवळ कंपनीस उशिरा कळविले या कारणाने दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय जानेवारी २०२० मध्ये झाला. प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. चालकाच्या परवान्याविषयीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तृतीय पक्षाच्या दाव्यात केवळ परवान्यातील दोष दाखवून कंपनीची सुटका होत नाही, मालकाची बेपर्वाई तिने सिद्ध केली पाहिजे, असे २००४ च्या स्वरणसिंग प्रकरणात सांगितले गेले. ज्या भीतीने चालक बदलला जातो, ती भीती पुष्कळदा अनाठायी असते.

शेवटी सहीचा विचार. मृत्यूच्या दाव्यात भरपाई ठरविताना वयाप्रमाणे गुणक लावला जातो. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील निकालानुसार ४६ ते ५० वयासाठी तो १३ आणि ५१ ते ५५ वयासाठी ११ आहे. समजा, महिना १२,००० रुपये मिळविणारा ५२ वर्षांचा कामगार अपघातात गेला. वर्षाची मिळकत १,४४,००० रुपये. स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा जाता ९६,००० रुपये उरतात. इतर रकमा बाजूस ठेवल्या, तर ११ ने गुणून १०,५६,००० रुपये होतात. शाळेच्या दाखल्यावर वय ४८ लिहिले, तर तेच १२,४८,००० रुपये होतात. कोणी तरी मुख्याध्यापकांना म्हणतो, ‘गुरुजी, गरीब बाईचे भले होईल.’ सरपंचांनाही उत्पन्नाचा आकडा वाढवून मागितला जातो. भावना चांगली असते. परंतु आधार कार्ड, कारखान्याची नोंद आणि जुना दाखला यांच्यात मेळ बसला नाही, की उलटतपासणीत तो एक कागद साऱ्या दाव्यावर संशय आणतो. ज्या १०,५६,००० रुपयांवर त्या विधवेचा निर्विवाद हक्क होता, तेही वर्षानुवर्षे अडकून पडतात. शिवाय दाखला देणाऱ्यावर बनावट कागदपत्र केल्याचा आरोप येतो तो वेगळाच.

यास्तव गावातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी काही साधे नियम पाळावेत. न पाहिलेल्या घटनेचे पंच होऊ नये. कोऱ्या वा अपुऱ्या पंचनाम्यावर सही करू नये. जागा, वेळ, वाहनाचा पूर्ण क्रमांक आणि चालकाचे नाव वाचून पाहिल्याखेरीज कागद हातावेगळा करू नये. दाखला मूळ नोंदवहीवरूनच द्यावा आणि त्याची स्थळप्रत ठेवावी. चूक आढळल्यास दुरुस्ती दिनांकासह करावी, खाडाखोड करू नये. अपघातग्रस्त घरास मदत करावयाची असेल, तर ती खऱ्या कागदांची जुळवाजुळव करून, मुदती सांगून आणि कार्यालयापर्यंत सोबत जाऊन करावी. त्या घराला त्याच मदतीची खरी गरज असते.